डीकनचे ड्रम

बास्कमच्या चिकन विंग्जच्या दुकानात नवा फळा लागला. वर्नेटा पुगने तो पहिल्यांदा वाचला तेव्हा ती पातेल्यात विंग्ज सॉसमध्ये घोळवत होती. ते पातेलं तिने असं आपटलं की रांगेतल्या माणसांनी फोनमधून माना वर काढल्या.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘फ्लॅट किंवा ड्रम निवडून मिळणार नाहीत. तब्येतीचं कारण असल्यास काउंटरवर सांगावं.’

“हा शहाणपणा कुणाचा?”

“माझा, मिस वर्नेटा,” टेरेल म्हणाला.

टेरेल म्हणजे म्हाताऱ्या बास्कमचा पुतण्या. काकाचे गुडघे गेले आणि दुकान याच्या गळ्यात पडलं. पोरगा कामचुकार नव्हता, तेलासमोर स्वतः उभा राहायचा. फक्त नियम करायची त्याला भारी हौस. सेलरीचे तुकडे केवढे कापायचे इथपासून त्याचे नियम सुरू व्हायचे.

आता त्याचा वैतागही अगदी खोटा नव्हता. अटलांटाचा हा सगळा भाग फ्लॅटवेडा. फ्लॅट म्हणजे पंखाचा मधला चपटा तुकडा, त्यात दोन बारीक हाडं. ती उपसली की मांस अलगद सुटतं. जो तो ‘सगळे फ्लॅट’ मागतो, आणि खांद्याकडचे एका हाडाचे ड्रम ट्रेमध्ये केविलवाणे पडून राहतात. ठीक आहे, घाला बंदी. पण जो माणूस ते उरलेले ड्रमच मागतो, त्याच्याही तोंडासमोर हा फळा धरायचा? याला काय म्हणायचं?

असा माणूस एकच होता, डीकन थर्मन क्लेबर्न. आयुष्यभर त्यांनी शहराच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, रविवारी चर्चचे डीकन, म्हणजे मानाचे सेवक, म्हणून दानाची थाळी फिरवली. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, डावा हात मात्र गेला. तेव्हापासून तो हात कोटाच्या खिशात. जॉर्जियातल्या ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा डीकनच्या अंगावर कोट असायचा, आणि कुणी ‘उकडत नाही का?’ म्हणून विचारलं तर ते हवेबद्दल बोलू लागत.

आजारपणानंतर ते पहिल्यांदा दुकानात आले, त्या दिवशी त्यांच्या डब्यात फ्लॅट तसेच उरले होते. टेबल पुसताना वर्नेटाने ते पाहिले. फ्लॅटची हाडं उपसायला दोन हात लागतात, ड्रम एका हाताने खाता येतो. पुढच्या शनिवारी तिने त्यांच्या डब्यात नुसते ड्रम भरले. ती काही बोलली नाही, तेही काही बोलले नाहीत. तेव्हापासून ते फक्त ‘नेहमीचं’ म्हणत आणि ती भरून देई.

“डीकनना ड्रमच जातात,” तिने टेरेलला बजावलं. “तुझे उरलेलेच उचलतो ना तो माणूस? आभार मान त्यांचे.”

“एकाला दिलं की सगळे मागतात. कारण असेल तर सांगू देत ना. मी काय राक्षस आहे?”

नेमके तेव्हाच डीकन दार ढकलून आत आले. टेरेलने त्यांना अदबीने विचारलं, अदबीत तो कमी पडायचा नाही, “डीकन, ड्रमच हवेत याचं तब्येतीचं काही कारण आहे का? तेवढं सांगा, लगेच देतो.”

रांग ऐकत होती. वर्नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने एवढे उन्हाळे कोटात काढले, त्याने आता लेमन पेपरच्या, त्या लिंबू-मिरीच्या मसाल्याच्या वासात, चार लोकांसमोर खिशातून हात काढून दाखवायचा? कशासाठी, तर कोंबडीच्या तुकड्यासाठी? खरं कारण तिच्या ओठांवर होतं, सांगितलं असतं तर ड्रम मिळालेही असते. पण ते तिने सांगायचं नव्हतं, म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं.

“कारण कसलं?” डीकन म्हणाले. “मिक्स दे. मला सगळं चालतं.”

ते भिंतीकडे तोंड करून बसले. ड्रम संपल्यावर त्यांनी एक फ्लॅट उचलला, दातांनी ओढायला गेले, तो निसटला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर सॉसचा ओघळ आला. टेरेल धावत गेला.

“काटा देऊ का, डीकन?”

विंग्ज खायला काटा! डीकन टोपी घालून निघून गेले. दिवसभर वर्नेटा टेरेलशी एक शब्द बोलली नाही, पातेली मात्र पुष्कळ बोलली.

पुढच्या शनिवारी ते येतील की नाही, याचीच तिला धास्ती होती. ते आले. मिक्स मागितलं, भिंतीकडे तोंड करून बसले. वर्नेटाने ॲप्रन काढला, काउंटरला वळसा घालून रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर टेरेललाच म्हणाली, “मिक्स. ओला लेमन पेपर, सॉसवाला. माझी जेवणाची सुट्टी झालीय.”

डबा घेऊन ती थेट डीकनसमोर जाऊन बसली.

“तुमच्याकडे फ्लॅट आहेत का? मला द्या. माझे ड्रम घ्या, मला नकोत.”

डीकननी तिच्याकडे पाहिलं. “वर्नेटा, तू तर फ्लॅटला शिव्या घालतेस. हाडं चिवडत बसायला मी मांजर आहे का म्हणतेस.”

“आता आवडायला लागले.”

“मिस वर्नेटा,” टेरेल काउंटरवरून हसत ओरडला, “तुम्हाला आणि फ्लॅट? कधीपासून? का?”

“कारण सांगावं लागतं का, टेरेल?” ती मोठ्याने म्हणाली. “खायचं असलं की तुझ्या दुकानात कारण सांगावं लागतं?”

टेरेलचं हसू ओसरलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, डीकनसमोर सरकवलेल्या ड्रमच्या ढिगाकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशाकडे. त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याने तोंड उघडलं. हा मूर्ख आता सगळ्यांदेखत माफी मागणार, हे ओळखून वर्नेटाने असे डोळे वटारले की त्याने तोंड मिटलं आणि तो तेलाकडे वळला.

सोमवारी फळा गेला होता. वर्नेटाचा राग मात्र गेला नाही. पोराने खिसा पाहिला म्हणून फळा काढला. पाहिला नसता तर? माणूस उघडा पडल्याशिवाय याला अक्कल येत नाही?

शनिवारी डीकन आले तेव्हा टेरेलने न विचारताच ड्रम भरायला घेतले.

“थांब,” डीकन म्हणाले. “मिक्स भर.”

“पण डीकन, आता नियम नाही. हवे तेवढे ड्रम...”

“नियमाचं तू बघ. वर्नेटाला फ्लॅट लागतात.”

काउंटरमागे वर्नेटाने कपाळावर हात मारला. फ्लॅट तिला अजूनही मुळीच आवडत नव्हते. तिने ॲप्रन काढला आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.