दोन फौजांच्या मधला पाय

चुका आणि वाकडं अक्षर सांभाळून घ्या. चौथीनंतर मी फारसं लिहिलेलं नाही. पण कुणाच्या घरी अशीच वेळ आली तर उपयोगी पडेल.

“ऑस्टिओमायलायटिस आहे, ताई,” वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाडात पू. “पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.”

आमचे हे वडनेरचे, हिंगणघाटला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. सुदानातही कापूस पिकतो. तिथल्या जिनिंगची मशीन बसवायला गेले होते. तेवढ्यात सरकारी फौज आणि पूर्वी तिच्याच सोबतीची टोळी एकमेकांवर उठली. दोघांनाही बाहेरचे देश हत्यारं पुरवतात. ड्रोनच्या बॉम्बचा तुकडा यांच्या नडगीत घुसला. तिथं तो काढून जखम शिवली. घरी आल्यावर ती पुन्हा फुटली, ताप उतरेना.

डॉक्टरांनी यांना विचारलं, “जखमेत काही घातलं होतं का? हळद, माती, पाला?”

“नाई जी.”

सहीचा कागद पुढे आला. मी चार माणसांत तोंड न उघडणारी. तरी पेन खाली ठेवला. “एकदा आतून साफ करून पाहा. नाई जमलं, तर मंग देईन सही.”

“ताप आणखी चढला तर थांबता येणार नाही,” ते म्हणाले. पण कबूल झाले.

ऑपरेशननंतर त्यांनी वाटीत एक काळी गाठ दाखवली. “फॉरेन बॉडी. आत राहिलेली बाहेरची वस्तू. एक्स-रेत दिसली नव्हती. काय आहे ही?”

मी लगेच ओळखली. रुई! सरकी काढलेला कापूस. जिनिंगमध्ये कुणाला कापलं की मूठभर रुई दाबतात, रक्त थांबतं. यांनीही तिकडं तेच केलं असणार, आणि ती आतच शिवली गेली.

हे शुद्धीवर आल्यावर मी चिडले, “डॉक्टरनं विचारलं तवा काऊन नाई सांगितलं?”

“त्यायनं हळद-माती विचारली व. रुईचं कुठं विचारलं?”

म्हणून सांगते, जखमेत काय घातलं ते सगळं सांगा, कुणी विचारो न विचारो. आणि सहीआधी दुसरा इलाज आहे का, ते एकदा तरी विचारा. आमचे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

दवाखान्यात शेजारच्या पलंगावरचे आजोबा यांना चिडवायचे, “काय भाऊ, लढाई कोन जिंकलं?”

“मालूम नाई बुवा. बंदूक एका देशाची, ड्रोन दुसऱ्याचा. पाय तेवढा वडनेरचा.”

आता जखम भरली, हे घरी आले. परवा यांना तिकडं पाठवणाऱ्या एजंटाचा फोन आला. “वहिनी, आता शांत हाये तिकडं. भाऊले पाठवा, फिटर पाहिजे.”

एरवी मी फोन यांच्या हाती देते. या वेळी दिला नाही.

“ज्यायनं बंदुका धाडल्या, त्यायलेच फिटर धाडा म्हणा. आमचा नाई भेटत!”

हे हसले. मग भिंतीला हात न लावता उठले आणि दोन्ही पायांनी चालत ड्युटीवर गेले.