बाईंचा समुद्र

कुणी काहीही विचारलं तरी बाई आधी खिडकीकडे बघायच्या. "ऊन कुठवर पोचतंय ते बघ," म्हणायच्या. तुळस सुकली, पापड वाळेनात, पोरगं अभ्यासात मागं पडलं, सगळ्याला उत्तर एकच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आसनगावजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. समुद्राचा धडा त्यांचा लाडका. "तिथल्या वनस्पतींचा सैपाक पण उन्हावरच. उजेड संपला की त्यांची वस्ती संपली. त्याखाली राहणाऱ्यांनी वरून पडेल ते खायचं."

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी बघितलाय समुद्र?"

बाईंनी खडू ठेवला. "नाय."

उरलेला तास त्यांनी मुलांना धडा वाचायला लावला. मला नंतर म्हणाल्या, "आधी सासू अंथरुणावर, मग नवरा. राहून गेलं. आता रिटायर व्हायच्या आत जायचं."

त्या वर्षीची सहल अलिबागच्या बाजूला गेली. उजेड किती खोल जातो ते दाखवायला बाईंनी घरून पांढरी ताटली आणली होती, दोरीला बांधून. होडीत बसताच त्यांना उलटी झाली. तोंड पुसून त्यांनी ताटली पाण्यात सोडली. पाणी गढूळ. हातभर खाली जाऊन ताटली दिसेनाशी झाली.

"बाई, एवढाच उजेड?" एका पोरानं विचारलं.

"एवढाच," बाई म्हणाल्या.

किनाऱ्याला लागलो तेव्हा ओहोटी होती. खडक उघडे पडले होते. वर हिरवं शेवाळ, त्याखाली तपकिरी. बाई थबकल्या. साडी खोचून थेट पाण्यात शिरल्या.

"लाल पण असंल गो! त्याला सगळ्यात कमी उजेड लागतो."

बसवाला हॉर्न वाजवत राहिला. एका कपारीच्या सावलीत त्यांना ते सापडलं. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग त्या निवृत्त झाल्या, मुरबाडला लेकीकडे गेल्या. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. यंदा वारल्या. मी लेकीला भेटायला गेले.

लेक म्हणाली, "तुमच्यामुळे आईचं मन रमलं हो. दर महिन्याला तुमच्याकडे यायची."

बाई माझ्या घरी एकदाही आल्या नव्हत्या.

"पण एक विचारू? परतली की साडीचा काठ ओला असायचा. वाळला की त्यावर मीठ फुटायचं."

मी चहाचा घोट घेतला.

"बोअरचं पाणी आहे आमच्याकडे," म्हटलं. "फार खारं."