आप्पांचं ‘ह्यॅ’

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल आप्पांचं मत एका अक्षरात मावत असे. ‘ह्यॅ.’ नवा उड्डाणपूल दाखवला, ह्यॅ. शेजाऱ्यानं नवी मोटारसायकल आणली, ह्यॅ. काकूंनी तासभर खपून केलेली खीर वाटी चाटूनपुसून संपवली, वाटी खाली ठेवली, ह्यॅ. सुरतेचा पोंक खायला लोक लांबून येतात. आप्पांनी तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘ह्यॅ. आपला हुरडाच शे. शेव टाकी दिधी.’ उधन्याच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पाठीमागे ‘ह्यॅ आप्पा’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्या नावाबद्दलही त्यांचं मत तेच होतं.

आप्पा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तरुणपणी खानदेशातून सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले ते तिथंच. गावच्या शाळेतून बारावी होऊन मी कॉलेजसाठी त्यांच्या एका खोलीच्या घरी आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आप्पांनी मला ‘ये’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही कधी म्हटलं नाही. मी आलो त्याच महिन्यात त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘घरमा उकाडा व्हस.’ उकाडा हिवाळ्यातही होत होता. मी त्यांच्या रिकाम्या जागेवर दिवा लावून अभ्यास करत असे.

मागांच्या खडखडाटात आप्पांचे कान बरेचसे गेले होते. कारखान्यात शब्द ऐकू येतच नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि बोटांच्या खुणांनी बोलतात. घरीही आप्पा भाकरी हवी असली की नुसते ओठ हलवत. काकूंना ते वाचता येई, पुढं मलाही येऊ लागलं. पण आवाज लावलाच, तर तो गल्लीच्या टोकापर्यंत जाई. हळू बोलणं म्हणजे काय, हे त्यांचे कान त्यांना सांगूच शकत नव्हते.

माझा प्राणिशास्त्रातल्या बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. पाया पडलो. गुणपत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, मागं काही लिहिलंय का पाहिलं, आणि परत दिली. ‘ह्यॅ. कागद शे.’ पेढा मात्र खाल्ला. मला भेस्तानच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हाही तेच. खरं सांगायचं तर मला त्या माणसाकडून एक बरा शब्द हवा होता. गावानं सत्कार केला, कॉलेजच्या सरांनी पाठ थोपटली, पण ज्याच्या अंथरुणावर बसून मी शिकलो, त्याच्याकडून एक बरा शब्द येत नव्हता.

म्हणून मी त्यांना जंगलात न्यायचं ठरवलं. शहरातल्या निसर्गप्रेमींचा एक गट होता, मी नुकताच त्यात जाऊ लागलो होतो. दिवाळी होऊन गेली होती, कारखाने अजून बंद होते आणि आप्पा त्या वर्षी गावी गेले नव्हते. व्याऱ्यापलीकडं डांगच्या जंगलात दिवसभराची पायपीट होती. मला वाटलं, मी शिकलो ते काय आहे हे त्यांना तिथं दाखवता येईल. जंगलाला कोण ह्यॅ म्हणेल?

आप्पा म्हणाले. बसमधून उतरताच म्हणाले. गटातली माणसं लष्करी रंगाचे कपडे, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि गळ्यात दुर्बिणी घालून उभी होती. आप्पांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि माझ्याकडं वळून ओठांनीच विचारलं, ‘लढाई कोठे शे?’ सुतार पक्षी दाखवला, तर ‘ह्यॅ, झाड ठोकस.’ वानरांचा कळप आला, तर ‘गावमा कमी शेतस का?’ मोर दिसला, त्याची शेपटी गळून नुकती पुन्हा फुटत होती. आप्पांना त्याची कीव आली, एवढंच. थेपल्यांचा डबा फिरला. ‘जाडा शेतस,’ म्हणाले, आणि आणखी घेतले.

गटाचे म्होरके एक साहेब होते. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी पाण्याच्या पाइपाएवढी होती. ते दर थोड्या वेळानं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत आणि मग स्वतःच बोलत. दुपारी एका वळणावर हळद्या पक्षी दिसला, पिवळाधमक. साहेबांनी घाईनं कॅमेऱ्याचं तिकाटणं उघडलं आणि त्याचा एक पाय रस्त्याकडेच्या जाळ्यात गेला. दोन सागांच्या मध्ये पसरलेलं ते कोळ्याचं मोठं जाळं होतं, उन्हात सोन्यासारखं चमकणारं, आणि मधोमध पंजाएवढी कोळीण. अर्धं जाळं फाटून लोंबू लागलं. साहेबांनी पाहिलंही नाही.

‘धागा तुटना ना!’ आप्पा ओरडले. ‘दिसत नही का तुले?’

हळद्या उडाला. दरीतून आवाज परत आला. सगळे आमच्याकडं वळले.

‘काका, धीरे बोलो ने!’ साहेब चिडून म्हणाले. मग मला विचारलं, ‘कोण आहेत हे?’

‘माझे काका,’ मी म्हणालो.

तोवर आप्पा जाळ्याशी पोचले होते. मागावर धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, गाठ मारायची, माग पुन्हा सुरू. अर्ध्या आयुष्याची ती सवय. त्यांनी बोटं थुंकीनं ओली केली आणि लोंबणाऱ्या धाग्याची दोन टोकं धरून गाठ मारू लागले. धागा बोटांना चिकटला. दुसरा धरला, तोही चिकटला, आणि जाळं आणखी थोडं फाटलं. कुणीतरी मोबाइल काढला. बायका तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या.

‘चला, पाणवठ्यावर भेकर येतं,’ साहेब म्हणाले. ‘ज्यांना कोळी बघायचाय ते बसा.’

आप्पा तिथंच दगडावर बसले. त्यांना कुणी काय म्हटलं ते ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं असेल. मी आयुष्यात भेकर पाहिलेलं नव्हतं. गट वळणाआड गेला. मी आप्पांशेजारी बसलो.

कोळीण बराच वेळ वर दडून होती. मग उतरली, आणि पाय टाकत फाटलेल्या कडेला आली. मागच्या पायानं धागा ओढायचा, टेकवायचा, पुढं सरकायचं. मधल्या भागात एक माशी येऊन अडकली, तर काम सोडून तिकडं गेली, तिला गुंडाळलं, परत आली. आप्पा पुढं वाकून पाहत होते. त्यांचे ओठ हलले.

‘मशीन बंद करस नही. चालू मशीनवर जोडी लेस. देख.’

आणि मागून ‘ह्यॅ’ आलं नाही. मी वाट पाहिली. आलंच नाही. मला आनंद झाला, आणि लगेच राग आला. बी.एस्सी.ला मिळालं नाही ते एका कोळिणीला मिळालं होतं.

संध्याकाळी बसमध्ये साहेबांनी भेकराचा फोटो फिरवला. आप्पांनी तो हात लांब करून पाहिला. ‘ह्यॅ. बकरी शे.’

पुढच्या वर्षी आप्पांनी काम सोडलं. डोळेही साथ देईनात, आणि न दिसणाऱ्या धाग्याला गाठ मारता येत नाही. गावी परत जायचं ठरलं. उधना स्टेशनवर गल्लीतले चार लोक पोचवायला आले होते. खिडकीशी शेजारचे गुजराती काका मोठ्यानं, आप्पांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आप्पा, भत्रीजाला ग्रॅज्युएट केला, मास्तर केला! मोठा काम केला तुम्ही!’

‘ह्यॅ,’ आप्पा म्हणाले. ‘ग्रॅज्युएट ते गल्लीगल्लीमा शेतस.’ मग माझ्याकडं न बघता, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘हाऊ त्या दिन मन्हासंगे बसना.’

गुजराती काकांना काही कळलं नाही. कुठला दिवस, कुठं बसला, त्यांनी मला विचारलं.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागलो आणि डोळे पुसले. काकू रडत होत्या. आप्पांनी माझ्या ओल्या तोंडाकडं नीट पाहिलं. गाडीच्या आवाजात काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून त्यांनी नुसते ओठ हलवले.

ते वाचायला मी त्यांच्याच घरी शिकलो होतो.

‘ह्यॅ.’