इंग्रजाच्या बंगल्यामागची बाग

मे महिन्यात कामासाठी अंबाजोगाईला गेले होते. दुपार मोकळी होती, म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याचा जुना बंगला पाहायला गेले. बंगल्याला कुलूप होतं, पण मागची गुलाबाची बाग एवढ्या उन्हातही हिरवी होती.

तिथे पन्नाशीची एक बाई पाणी घालत होती. नळ कोरडा होता, म्हणून ती खालच्या विहिरीवरून घागरी आणत होती. एका आळ्यात पाणी ओतलं की ते मुरेपर्यंत ती वाकून बघत राही, मगच पुढच्या रोपाकडे वळे.

"बारा महिने इथंच असता का?" मी विचारलं.

"न्हाई. दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जातो. उन्हाळ्यात हितं."

बोलता बोलता मी एका टपोऱ्या गुलाबाला हात घातला. तिने झटकन माझं मनगट धरलं आणि लगेच ओशाळून सोडलं.

"तोडू नका, ताई. सहा महिने आमी नुसतं तोडतच असतो. हितं कायतरी वाढतंय, ते वाढू द्या."

मी हात मागे घेतला. तेवढ्यात एक पाकळी गळून माझ्या बोटांवर आली होती. ती तिने उचलली, आळ्यात टाकली आणि रिकामी घागर घेऊन ती विहिरीकडे निघाली.