स्टिअरिंग ऑइलचा किस्सा

सर्व स्नेहीजन, पाहुणेरावळे आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसण्याची वेळ आलेल्या तमाम नाशिककरांना जाहीररीत्या कळवण्यात येते की, ‘दत्तू आणि स्टिअरिंग ऑइल’ हा माझा हुकमी किस्सा आजपासून कायमचा बंद करण्यात येत आहे. गेली अकरा वर्षं तो मी साखरपुड्यांत, बारशांत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो असतानाही हातवाऱ्यांसकट सादर केला. गाल सुजलेली माणसंही हसली. यापुढे कोणी फर्माईश करू नये. किस्स्याचा नायक दीड महिन्यापूर्वी गेला, आणि किस्सा खोटा होता.

दत्तू गेल्याचं वहिनींनीच कळवलं. मी मिसळ खायला बसलो होतो. “भाऊजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. अंबडच्या एका गोदामाच्या गेटवर तो येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला बसायचा. भर दुपारी खुर्चीतच मान कलली. समोरच्या ट्रकवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली... त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी पाव तसाच टाकून उठलो. गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा हा माणूस गेटवरच्या त्या खुर्चीत कसा जाऊन बसला, हे नाशकात मला एकट्यालाच नीट ठाऊक होतं.

आम्ही शाळेपासूनचे. तो कारखान्यात मेंटेनन्सला लागला, मी शाळेत मराठी शिकवायला, म्हणजे बोलण्याचाच पगार घ्यायला. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं घराशेजारी पत्र्याची शेड टाकली आणि पाटी रंगवून घेतली, ‘येथे ब्रेकचे काम खात्रीशीर केले जाईल’. ‘खात्रीशीर’मधला कुठला इकार दीर्घ, हे विचारायला तो दोनदा माझ्याकडे आला होता. त्या शेडमध्ये पहिली गाडी मीच नेली. ती माझे सासरे अण्णा यांची होती. अण्णा दिंडोरीचे द्राक्षवाले. कमी बोलणारे, पण जे बोलत ते जावयाच्या वर्मी लागेल असं. त्यांची जुनी पांढरी गाडी डावीकडे ओढत होती आणि चाकातून जळका वास यायचा. “मास्तर, तुमचा दोस्त ब्रेकचं करतो ना, दाखवा त्याला,” असं म्हणून त्यांनी चावी माझ्या हातात दिली होती.

दत्तूनं बॉनेट उघडलंच नाही. पोराचा ताप बघावा तसा उलटा हात चारी चाकांजवळ नेला आणि पुढच्या डाव्या चाकाशी थांबला. “हे तापलंय. कॅलिपर जाम आहे.” कॅलिपर म्हणजे चाकातला ब्रेकचा पंजा. पाय दाबला की आवळायचा, सोडला की सुटायचा. हा सुटतच नव्हता. आत पिस्टन गंजलेला, रबर फाटलेलं, आणि त्यातून ऑइल पाझरत होतं. पंजाच्या मधे लाकडाचा तुकडा धरून दत्तूनं मला ब्रेक दाबायला लावलं. पिस्टन फट्‌दिशी बाहेर आला, तशी मी कमरेत वाकून रसिकांना अभिवादन केलं. “नाटक नंतर,” तो म्हणाला, “आधी पाय काढ.” मग घासपूस झाली, नवी रबरं बसली, आणि ब्रेकमधली हवा काढायला तो गाडीखाली गेला. खालून आवाज यायचा, “मार... मार... आता धरून ठेव. धरून ठेव म्हटलं ना मास्तर, सोडतोस काय.” चावी देताना त्यानं बजावलं, “ऑइलची लेव्हल बघत जा. खाली गेली तर मनानं काही टाकू नकोस, मला फोन कर.”

तिसऱ्या दिवशी लेव्हल बोटभर खाली होती. मी फोन केला नाही. डिकीत एक अर्धी बाटली होती, लेबल उडालेलं. मी म्हटलं, ऑइल म्हणजे ऑइल. बायकोला गॅलरीतून उघडं बॉनेट आणि माझी पाठ तेवढी दिसत होती, आणि नवऱ्याला गाडीतलंही कळतं हे तिला एकदा दिसायला हवं होतं.

चार दिवसांनी दिंडोरीला लग्न. शेजारी आपली गाडी न्यायला आलेले अण्णा, मागे बायका. गाडी जड जड होत गेली आणि मांडवाच्या दारात पुढची दोन्ही चाकं धूर सोडत जी धरली, ती सुटेनात. बँडवाले वाजवायचे थांबले. गावातल्या मेकॅनिकनं ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं रबर पुरीसारखं फुगलं होतं. “ब्रेकमधी स्टिअरिंगचं ऑइल टाकलंय कोणीतरी. सगळे रबर गेले.” अण्णा वळले. “घाटात असतो तर? ब्रेक कोणी केले व्हते?” दत्तू लग्नाला आलेला, गर्दीत मागेच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या झालरी बघत होतो, अगदी एकेक. मग त्याचा आवाज आला, “माझ्याकडनंच झालं, अण्णा. बाटली चुकली.”

पुढे एकदा त्याला विचारलं, का बोललास तसं? म्हणाला, “तुझं तोंड बघवेना. अण्णांना काय सांगणार होतास तू? आणि लोक काय, दोन दिवसांत विसरतात.”

लोक विसरलेही असते. पण मी होतो ना. सासरकडून कोणी विचारायच्या आत मीच रंगवून सांगायला लागलो. धूर, बँडवाले, पुरीसारखं रबर, आणि शेवटी दत्तूची नक्कल, “बाटली चुकली.” टाळ्या. तो समोर असला तर तोही हसायचा, आणि एखाद्या वेळी हळूच दुरुस्त करायचा, “मागची नाही रे, पुढची चाकं धरली.” इकडे शेडमध्ये ब्रेकचं काम येईना. लोक टायरमध्ये हवा भरून घेत, गाडी धुऊन घेत. ब्रेक म्हटलं की हसत आणि दुसरीकडे जात. दोन वर्षांत त्यानं पाटी उतरवली. गेटवरची नोकरी मीच ओळखीनं लावून दिली. त्यानं माझे आभार मानले...

तेराव्याला पंगत उठल्यावर माणसं ओटीवर बसली होती. अण्णा आता ऐंशीच्या पुढचे, कानाला मशिन. ते म्हणाले, “मास्तर, तो ऑइलचा किस्सा होऊन जाऊ द्या. दत्तू लय हसायचा त्याला.” मी उठलो. सवयीनं हातही वर गेला. धूर झाला, बँडवाले झाले. झाकण उघडलं, रबर फुगलं. मग नक्कल करायची ती जागा आली आणि मी हात खाली घेतला. वहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“बाटली माझी होती, अण्णा,” मी म्हटलं. “ते ऑइल मी टाकलं. दत्तूनं नाही.”

अण्णांनी मशिन चाचपलं. त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, तांब्या खाली ठेवायचं त्यांना सुचेना, आणि मग सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अहो, मी तर शेवटपर्यंत त्यांना माझ्या स्कूटरच्या ब्रेकला हात लावू दिला नाही.”