धरून ठेवलेला खोकला

रविवारी सकाळी चेलोच्या कॉन्चेर्टोचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. चेलो म्हणजे खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिनच. वाजवणारी एक बाई, मागे सगळा वाद्यवृंद आणि समोर भरलेलं सभागृह.

आई मेथी निवडत बसली होती. तिचा जन्म गेला गाण्याच्या बैठकीत पुढे बसून मान डोलावण्यात. एका ठिकाणी त्या बाईंनी स्वर इतक्या अलगद खाली आणून ठेवला की आईच्या तोंडून निघालंच, "वा! काय लावलाय!" मग ती थबकली. "अगं, एवढी माणसं बसलीत ना तिथे? कुणीच कसं काही बोलत नाही?"

"तिथे मध्येच दाद देत नाहीत, आई."

"मग त्या बिचारीला कळायचं कसं?"

पहिला भाग संपला आणि सभागृहात खोकल्यांची एकच सर आली. ते खोकले मला नेहमी खटकायचे. आज वाटलं, इतका वेळ ही सगळी माणसं खोकलासुद्धा दाबून बसली होती तर!

मग संथ भाग सुरू झाला. आईने 'वा' म्हटलं नाही. शेवटचा स्वर बारीक होत गेला. गज तारेवरून कधी उचलला, तेही कळलं नाही.

तिकडे पुन्हा सगळे खोकले. आणि इकडे, हातात मेथीची काडी तशीच धरून, आईही खाकरली.