आई दोन्हीकडं पाय टाकून बसली

रविवारी सकाळी जालन्यात, आमच्याच गेटसमोर, माझी वाचा बसली. आज बुधवार... अजून पुरती परत आलेली नाही.

झालं असं, की मी गाडी बदलली. आधीची स्पोर्ट-टूरर बाइक होती, लांब पल्ल्याच्या डांबरी रस्त्यांची. हायवेवर नुसतं लोणी! पण भोकरदन सोडून आत वळलं की तिचं पोट खाली घासायचं आणि पुढं झुकून झुकून माझी मनगटं कामातून जायची. शेवटी ती विकली आणि अॅडव्हेंचर बाइक घेतली. उंच, दणकट, मागं दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे बॉक्स. मित्र म्हणाले, लडाखला चालला का? मी नुसता हसलो... मनात लडाखच होतं.

आईच्या मनात मात्र धावडा होतं.

धावड्याला माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर. पावसाळ्यात घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चाला... आणि ही बाई खाट सोडायला तयार नाही. जेवणही नावापुरतं. फोनवर आईला एकच सांगते, "आक्का, आता माझं झालं."

वस्तीकडं जायची पाणंद म्हणजे सगळा काळ्या मातीचा चिखल. कार रुतते, ट्रॅक्टरचे धक्के आईच्या कंबरेला सोसत नाहीत. जुन्या गाडीवर मी एकटाच गेल्तो, तर निम्म्या वाटेत गाडी सोडून बूट हातात घेऊन चालत जावं लागलं.

तर रविवारी आई म्हणाली, आता मला ने. मी म्हटलं, आई, ह्या बॉक्समुळं एका बाजूला पाय सोडून बसता येत नाही. आणि बॉक्स काढले तरी त्या खड्ड्यांत साडीवर तशी बसलीस तर पडशील. वाट वाळू दे, दिवाळीनंतर कारनं जाऊ.

"तवर ती राहती का?" एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, रुसली.

थोड्या वेळानं बाहेर आली ती माझ्या बायकोचा पंजाबी ड्रेस घालून!

अहो, सत्तरीची बाई... जन्मात साडीशिवाय काही अंगाला लावलं नाही. सुनेनं पहिल्यांदा ड्रेस घातला तेव्हा आठवडाभर तोंड फुगवून बसलेली, ती हीच! ओढणी कंबरेला गच्च खोचलेली, डोक्यावर माझं जुनं हेल्मेट. बायको दारात तोंडावर हात ठेवून उभी. शेजारच्या काकू झाडांना पाणी घालत होत्या, त्यांचा पाइप आमच्याकडंच वळला.

"बघत काय राह्यला? चल जल्दी," आई म्हणाली. माझा खांदा धरला, फूटरेस्टवर पाय दिला आणि पल्याड टांग टाकून बसली. बिलकुल बराबर! मी गार.

पाणंदीत गाडी डुलली, दोनदा घसरली, पण गेली. मी घामाघूम... आणि आई मागं बसून कुणाची कपाशी कशी आलीय ते सांगत होती.

मावशी आत खाटेवर पडलेली. वॉकर कोपऱ्यात, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. तिनं आईला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आगं बया... आक्का? ह्ये काय घातलं?"

आईनं सांगितलं, दोन्हीकडं पाय टाकून गाडीवर आले.

"खोटं बोलून राह्यली. तू न्हाई बसणार!"

"मंग ऊठ आन् बघ."

आणि मावशी उठली हो! तिची सून धावत आली, टॉवेल खाली पडला... वॉकर धरून, कण्हत, आम्हाला सगळ्यांना शिव्या घालत ती एकेक पाऊल टाकत ओसरीपर्यंत आली. आईनं अंगणात पुन्हा टांग टाकून दाखवली. मावशी खांबाला टेकून हसत सुटली, हसता हसता रडायलाच लागली. आई गाडीवर बसल्या बसल्या रडत होती. मी गाडी घट्ट धरून उभा.

चार पावलं टाक म्हणून सगळे तिला सांगून थकले होते. आणि मी शहाणा दिवाळीची वाट बघत होतो!

बरं झालं आई, तू माझं ऐकलं नाहीस.